एकदम सोडली, तर बाळाला त्रास होईल का?

मागच्या अंकात गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाविषयी लिहिताना तंबाखूचा उल्लेख मी जाता जाता, जेमतेम दोन ओळींत केला होता. लोहाच्या गोळ्यांवर लिहिलेल्या दोन पानांपेक्षा त्या दोन ओळींवरच अधिक पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक निनावी आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : माझे वय २६ असून मला चौथा महिना लागला आहे. लग्नाआधीपासून, म्हणजे जवळजवळ बारा वर्षे मी मशेरी लावते. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर आणि रात्री झोपण्यापूर्वी. दवाखान्यात सोडायला सांगितले आहे. परंतु सासूबाई आणि शेजारच्या बायका म्हणतात की, इतक्या वर्षांची सवय पोटुशी असताना एकदम मोडली तर बाळाला झटका बसतो, बाळंत झाल्यावर सोड. शिवाय मशेरी लावल्याशिवाय मला शौचाला होत नाही. मशेरी म्हणजे काही विडी नव्हे, आणि मी ती गिळत नाही, थुंकून टाकते. मी काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या भीतीचे उत्तर आधी देते, कारण बाकी सगळे तिच्यापाशी अडले आहे. मशेरी आज, आत्ता, एका दिवसात पूर्ण बंद केली तरी तुमच्या बाळाला कोणताही झटका बसत नाही. तंबाखू थांबवल्यावर जो त्रास होतो तो आईला होतो : चिडचिड होते, डोके जड पडते, झोप तुटक लागते, कशातच मन रमत नाही, तोंडाला सारखे काहीतरी हवेसे वाटते. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, आठवडाभराने उतरू लागतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत बहुतेकींचा जातो. त्या काळात बाळाच्या बाबतीत घडते ते इतकेच की, त्याच्याकडे जाणारे निकोटीन थांबते. दारूची गोष्ट वेगळी आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात आणि म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. ‘एकदम सोडू नये’ ही समजूत तिथूनच कुठून तरी तंबाखूला येऊन चिकटली असावी, असा माझा अंदाज आहे. सासूबाईंचा हेतू वाईट नाही, पण ‘बाळंत झाल्यावर सोड’ या सल्ल्याने बाळाच्या वाढीचे उरलेले पाच-साडेपाच महिने हातचे जातात, हे त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवे. ते काम तुमच्यावर घेऊ नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा.

मशेरी म्हणजे विडी नव्हे, हे खरे. तिला धूर नाही, त्यामुळे विडी-सिगारेटच्या धुरातून रक्तात शिरणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मशेरीतून शिरत नाही. पण ती तंबाखूच आहे, भाजलेली तंबाखू. घरी भाजताना तुम्ही पाहिलेच असेल : तंबाखू तव्यावर टाकून काळी पडेपर्यंत परतायची, घरभर ठसका उठायचा आणि मग ती चुरून डबीत भरायची. या भाजण्याने तिच्यातले निकोटीन संपत नाही. उलट पान करपताना कर्करोगाला कारण होणारी आणखी काही द्रव्ये तिच्यात तयार होतात. आता थुंकण्याविषयी. हिरड्यांवरचे आणि गालाच्या आतले आवरण इतके पातळ असते की, बोटाने दहा-पंधरा मिनिटे मशेरी चोळत बसलात की निकोटीन तिथूनच थेट रक्तात उतरते. तुम्ही थुंकता तेव्हा काळे पाणी बाहेर पडते, निकोटीन मात्र तोवर आत गेलेले असते. ते वारेतून बाळाकडे पोचते आणि बाळाच्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही थोडे अधिक भरू शकते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि दिवसातून तीन वेळा, महिनोन्‌महिने तो कमी होत राहिला की बाळाची वाढ मागे पडते.

हे परदेशातल्या सिगारेट ओढणाऱ्या बायकांवरून काढलेले अनुमान आहे असे कुणी म्हणेल, म्हणून आपल्याकडचेच सांगते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची बाळंतपणापर्यंत नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया बहुतांशी मशेरीवाल्याच होत्या. शिक्षण, आर्थिक स्थिती आणि आईचे वजन यांसारख्या गोष्टी जमेस धरूनही त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस पुरे होण्यापूर्वी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त निघाले. पुढच्या एका अहवालात मृत बाळ जन्मण्याचा धोकाही या स्त्रियांना अधिक असल्याचे दिसले. १०५ ग्रॅम म्हणजे दोन-तीन लिंबांएवढे, त्याने काय होते, असे वाटेल. परंतु आपल्याकडे पुष्कळ बाळे मुळातच अडीच किलोच्या उंबरठ्यावर जन्मतात. त्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाळाला शंभर ग्रॅमनी मागे ओढले की ते ‘कमी वजनाचे बाळ’ या रकान्यात जाते, आणि मग ऊब टिकवणे, दूध ओढणे, जंतुसंसर्गाला तोंड देणे हे सगळेच त्याला जड जाते.

राहिला शौचाचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत खरा अडसर हाच आहे. बायका मशेरी दातांसाठी लावतात असे डॉक्टर धरून चालतात. प्रत्यक्षात निम्म्याजणी तरी मला ‘पोट साफ होतं’ हेच कारण सांगतात. त्यात तथ्यही आहे. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि वर्षानुवर्षे मशेरी लावून झाल्यावरच परसाकडे जायचे असा क्रम पडल्याने शरीर त्या इशाऱ्याची वाट पाहू लागते. त्यातून गरोदरपणात संप्रेरकांमुळे आतडी मंदावलेली असतात आणि लोहाच्या गोळ्यांनी शौचाला आणखी घट्ट होते. म्हणून मशेरी सोडण्याच्या चार दिवस आधीपासूनच पोटाची सोय लावा : उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात भाकरीबरोबर पालेभाजी आणि उसळ, रात्री भिजवलेले मनुके किंवा अंजीर, आणि रोज अर्धा तास चालणे. तेवढ्याने भागले नाही तर भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घेता येते, आणि तेही पुरेसे झाले नाही तर गरोदरपणात चालणारे सौम्य औषध डॉक्टर देतील. लोहाच्या गोळ्या मात्र या कारणाने परस्पर बंद करू नका. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून मिळतो. सकाळची नेहमीची वेळ झाली की मशेरी न लावता त्याच वेळी शौचाला जाऊन बसा. पाच-सहा दिवस काही होणार नाही, नंतर शरीर नवा क्रम धरते.

प्रत्यक्ष सोडण्याविषयी माझा कल एक दिवस ठरवून पूर्ण बंद करण्याकडे आहे. तीनाची दोन, दोनाची एक असे करत गेलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्या बहुधा सकाळच्या एका वेळेवर येऊन अडकतात आणि तिथेच नववा महिना लागतो. तरीही तुम्हाला कमी करतच जायचे असेल तर आठवड्याच्या आत शेवटचा दिवस ठरवा आणि आधी सकाळची वेळ सोडा, कारण सर्वांत अवघड तीच असते. घरात मशेरी भाजणे बंद झाले पाहिजे. ती सासूबाईंसाठी भाजली जात असेल तर निदान तुमच्या हातून नको आणि डबी तुमच्या डोळ्यांसमोर नको. दात मऊ ब्रशने आणि साध्या पेस्टने दिवसातून दोनदा घासा. मशेरी सुटल्यावर हिरड्यांतून थोडे रक्त येऊ लागले तर ‘मशेरी सोडली म्हणून दात हलायला लागले’ असा अर्थ काढू नका. गरोदरपणात हिरड्या तशाही सुजतात आणि निकोटीनने आकसलेल्या रक्तवाहिन्या आजवर ते रक्त दाबून ठेवत होत्या. दंतवैद्याला एकदा दाखवा. दात साफ करून घेण्यास या महिन्यांत हरकत नाही. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात गुंतवा. बडीशेप, भाजलेले तीळ किंवा आवळ्याचा तुकडा तोंडात धरा. सुपारी मात्र नको, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अंगावरून रक्त जाणे, पोटात सतत कळा येणे, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काही झाले तर ‘मशेरी सोडल्याने होत असेल’ म्हणून घरी थांबू नका. तंबाखू सोडल्याने यातले काहीही होत नाही, त्यामागे दुसरे कारण असते आणि त्यासाठी लगेच दवाखाना गाठायचा असतो.

प्रश्न : मी पुण्यात एका संगणक कंपनीत काम करते, वय ३१. कॉलेजपासून सिगारेट ओढते, दिवसाला सहा-सात. गरोदर असल्याचे मला सातव्या आठवड्यात कळले. तेव्हापासून दोनवर आणली आहे, आता अकरावा आठवडा आहे. इतके दिवस ओढल्याने आधीच नुकसान झाले असेल का? दोन सिगारेट चालतात असे एका मैत्रिणीने सांगितले. निकोटीनचा च्युइंगगम, पॅच किंवा ई-सिगारेट वापरता येईल का? नवऱ्याला माहीत आहे, सासरी नाही. माझ्या डॉक्टरांना मी ‘ओढत नाही’ असे सांगितले आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना खरे सांगा, आणि सासूबाई खोलीत असतील तर त्यांना बाहेर बसवून सांगा. तशी विनंती करण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तुमची माहिती तुमच्या संमतीवाचून कुटुंबाला न सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीमध्ये वार खाली सरकलेली असणे, वार वेळेआधी सुटणे, बाळाची वाढ खुंटणे यांचा धोका अधिक असतो. ही माहिती हाती असली की सोनोग्राफी कधी आणि किती वेळा करायची, रक्तस्राव झाला तर कुठली शंका आधी घ्यायची, हे ठरवता येते. सिझेरियन करावे लागले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ही माहिती लागते. सासरी सांगायचे की नाही हा तुमचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्याचा मला अधिकार नाही.

झालेल्या नुकसानीबद्दल म्हणाल तर तुमची वेळ अजून गेलेली नाही, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंधराव्या आठवड्यापूर्वी सिगारेट पूर्ण सोडलेल्या स्त्रियांमध्ये अकाली बाळंतपणाचे आणि वाढ खुंटलेल्या बाळांचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्या स्त्रियांइतकेच आढळले. पंधराव्या आठवड्यानंतरही ओढत राहिलेल्यांमध्ये ते बरेच जास्त होते. तुम्ही अकराव्यात आहात. पंधरावा आठवडा ओलांडलेल्या ज्या वाचक हे वाचत असतील, त्यांनी मात्र दार बंद झाले असे समजू नये, कारण बाळाचे वजन मुख्यत्वे शेवटच्या तीन महिन्यांत वाढते आणि सातव्या महिन्यात सोडणाऱ्या स्त्रीच्या बाळालाही त्याचा फायदा मिळतो.

दोन सिगारेट ‘चालतात’ हे खरे नाही. सहावरून दोनवर आलेली व्यक्ती नकळत प्रत्येक झुरका अधिक खोल आणि अधिक वेळ ओढते, त्यामुळे सिगारेटी एक तृतीयांश झाल्या तरी शरीरात जाणारा धूर तितक्या प्रमाणात कमी होत नाही. त्यात गरोदरपणात शरीर निकोटीन नेहमीपेक्षा लवकर फोडून टाकते, म्हणून तलफ पूर्वीपेक्षा लवकर आणि जोरात येते. तुम्हाला ती तशी येत असेल तर तुमचा निश्चय कच्चा आहे असे नाही, हे शरीराचे काम आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि बाळाच्या हिमोग्लोबिनला तर आणखीच घट्ट. थोडक्यात, प्रत्येक सिगारेटनंतर काही तास बाळाला प्राणवायू तोकडा पडतो. दिलासा एवढाच की, शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत हा वायू शरीरातून जवळजवळ पूर्ण निघून जातो. इतक्या लवकर फळ मिळते असे उपाय वैद्यकात फारसे नाहीत.

च्युइंगगम आणि पॅचविषयी तज्ज्ञांमध्येच एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रीला ते देता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध शिफारस करण्याचे टाळले. माझी पद्धत अशी आहे की, आधी समुपदेशनावर दोन आठवडे प्रामाणिक प्रयत्न करायचा, आणि तरीही सिगारेट सुटत नसेल तर तीच ओढत राहण्यापेक्षा देखरेखीखाली निकोटीन घेणे कमी धोक्याचे मानायचे, कारण त्यात धूर नसतो आणि कार्बन मोनॉक्साइड नसतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून मात्र वापरू नका. डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचा गम दिला तर तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो : चार-पाच वेळा चावायचा, जिभेला झणझणले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. गमच्या आधी पाव तास चहा, कॉफी किंवा लिंबू-सरबत घेऊ नका, त्याने निकोटीन शोषले जात नाही. ज्येष्ठमधाच्या स्वादाचा गम गरोदरपणात टाळावा. पॅच दिला तर रात्री झोपण्यापूर्वी काढून ठेवायचा, म्हणजे रात्रभर तरी बाळाला निकोटीनपासून विश्रांती मिळते. आणि पॅच अंगावर असताना सिगारेट ओढायची नाही. सिगारेट सोडवण्यासाठी एरवी दिली जाणारी व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे गरोदर स्त्रीला सुचवली जात नाहीत.

ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या वस्तूत नेमके काय भरले आहे हे कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा तो विषय इथेच संपतो. ‘हर्बल’ म्हणून मिळणारा हुक्काही नको. त्यातल्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या श्वासात येतो.

तुमच्या बाबतीत खरी अडचण कंपनीच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर असेल, असा माझा तर्क आहे. सकाळी अकरा आणि दुपारी चार, चहाचा ग्लास आणि बरोबरचे चौघे. सिगारेट त्या चहाला जोडलेली असते आणि चहा गप्पांना. नुसती सिगारेट काढून घेतली तर ती वेळ रिकामी राहते, म्हणून महिनाभर चहाची जागा आणि वेळ दोन्ही बदला. त्या चौघांपैकी ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला सांगून ठेवा. गरोदर असल्याचे एवढ्यात सांगायचे नसेल तर दातांचे कारण पुरते.

प्रश्न : माझ्या पत्नीला सहावा महिना आहे. ती कशालाही हात लावत नाही. मी दिवसाला आठ-दहा सिगारेट ओढतो, पण घरात कधीच नाही, गॅलरीत जाऊन दार लावून ओढतो. एवढी काळजी पुरेशी आहे ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुरेशी नाही. गॅलरीच्या दाराच्या फटीतून धूर आत येतो. तो आला नाही तरी तुमच्या शर्टावर, केसांवर आणि श्वासात तो येतोच, आणि त्याच शर्टाने तुम्ही उद्या बाळाला छातीशी धरणार आहात. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या गरोदर स्त्रीच्या बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो आणि जन्मानंतर झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये घरात कुणी ओढत असण्याचे प्रमाण जास्त आढळते. तुम्ही गरोदर नसल्यामुळे पॅच, गम आणि वर सांगितलेली औषधे, सगळेच पर्याय तुम्हाला खुले आहेत. म्हणजे सोडणे तुम्हाला पत्नीच्या जागी असलेल्या एखाद्या स्त्रीपेक्षा सोपे आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो. बाळ यायला तीन महिने आहेत. आज सोडलीत तर तोवर तलफेचा कठीण काळ मागे पडलेला असेल.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गरोदर मातेची नोंद करताना व्यसनाबद्दल विचारावे लागते. जवळजवळ प्रत्येकजण ‘नाही’ म्हणते, पण घरात मशेरीची डबी दिसते. कसे विचारावे? आणि मशेरी सोडून कोणी सुपारी खाऊ लागली तर चालेल का?
— एक आशा कार्यकर्ती, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्राने मला माझ्याच जुन्या चुकीची आठवण करून दिली. पहिली कित्येक वर्षे मी केसपेपर भरताना ‘काही व्यसन?’ असे विचारत असे, समोरची ‘नाही’ म्हणे, आणि मी त्या रकान्यात रेघ मारून पुढे जात असे. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या भाषेत व्यसन म्हणजे दारू, फार तर विडी. मशेरी हे दात घासणे झाले, आणि दात घासण्याला कुणी व्यसन म्हणत नाही. एकदा रक्तदाब घेत असताना एका बाईच्या उजव्या तर्जनीकडे लक्ष गेले. नखाच्या कडेला धुऊनही न निघालेली काळी रेघ होती. ‘दात कशाने घासता?’ एवढेच विचारले, आणि तिने लाजता लाजता कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. तेव्हापासून मी व्यसनाचे नावच काढत नाही. दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, पहिल्यांदा कधी लावलीत, घरात कोण भाजते, असे चार साधे प्रश्न विचारते.

आकडेही हेच सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया शंभरात दोनही भरल्या नाहीत. मशेरी, तंबाखू, गुटखा असा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या मात्र साधारण सहांत एक निघाली. केवळ ‘ओढता का’ असे विचारणारा रकाना आपल्या मुलखात जवळजवळ निरुपयोगी आहे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली, म्हणजे दात घासण्याच्या वस्तूत तंबाखू नको हे तत्त्व कायद्यात येऊन तीन दशके उलटली. घरच्या तव्याला तो कायदा कसा लागू होणार?

विचारताना सासूसमोर विचारू नका. पण सोडवताना सासूला वगळू नका. बऱ्याच घरांत सुनेला मशेरीची पहिली चव सासरी लागते किंवा माहेरी आईकडून लागलेली असते, आणि भाजणारी थोरली बाई बाजूला राहिली तर धाकटीने सोडणे टिकत नाही. रागावून किंवा ‘बाळ मरेल’ असे घाबरवून काही साधत नाही. ती पुढच्या खेपेला फक्त डबी लपवते. दर भेटीला ‘या आठवड्यात किती दिवस लावली नाही?’ असे विचारा, म्हणजे तिला सांगायला काहीतरी चांगले राहते. फोनवर बोलायला तयार असेल तर वर दिलेला निःशुल्क क्रमांक तिला स्वतः लावून द्या. नुसता कागदावर लिहून दिलेला क्रमांक ती लावत नाही.

सुपारी चालणार नाही. नुसती, तंबाखूविना सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे, आणि गरोदरपणात ती खाण्याचा संबंध बाळाच्या कमी वजनाशीही आढळला आहे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आल्यापासून सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकली जाते, त्यामुळे ‘मी फक्त सुपारी खाते’ हे वाक्य थोडे तपासूनच घ्यावे.

प्रश्न : गरोदरपणात मी सहा महिने मशेरी लावली नाही. बाळंतपणासाठी माहेरी आले आणि आईबरोबर पुन्हा सुरू झाली. बाळ दोन महिन्यांचे आहे. अंगावर पाजणे बंद करावे का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : पाजणे बंद करू नका. निकोटीन दुधात उतरते हे खरे, त्याने बाळ किरकिरे होऊ शकते आणि त्याची झोप कमी होऊ शकते. पण अंगावरच्या दुधाने बाळाला जे मिळते ते वरच्या दुधाने मिळत नाही, आणि पाजणे तोडल्यावर तर मशेरी सोडण्याचे तुमचे एक मोठे कारणच जाते. बंद करायची ती मशेरी. जी बाई सहा महिने राहू शकली ती पुन्हा राहू शकते. बाळंतपणानंतर परत सुरू होणे इतके सर्रास घडते की त्याची लाज बाळगण्यात मला अर्थ दिसत नाही. रात्रीची जागरणे, दिवसभर एकाच खोलीत पडून राहणे आणि शेजारी आईची डबी, असे सगळे एकत्र आल्यावर सवय परतली तर नवल नाही.

पूर्ण सुटेपर्यंतच्या चार-आठ दिवसांत एक पथ्य पाळा. लावायचीच झाली तर बाळाला पाजून झाल्यावर लावा, पाजण्यापूर्वी कधीच नाही. दुधातले निकोटीन दोनएक तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे पुढच्या पाजण्यापर्यंत जितका वेळ जाईल तितका बरा. नंतर चूळ भरून, बोटे साबणाने धुऊनच बाळाला घ्या. पुन्हा सोडताना या खेपेला आईलाही बरोबर घ्या, नाहीतर निदान तुम्ही माहेरी आहात तोवर तिने परसात जाऊन लावावी. आणि डबी जमिनीवर, उशीपाशी किंवा पाळण्याच्या दोरीला अडकवलेल्या पिशवीत ठेवू नका. बाळ पालथे पडायला आणि मग रांगायला फार दिवस लागत नाहीत. चिमूटभर तंबाखू पोटात गेली तरी तान्ह्या मुलाला विषबाधा होऊ शकते. तसे झाले आणि बाळ ओकू लागले, लाळ गाळू लागले किंवा सुस्त पडले, तर मीठ-पाणी पाजून ओकवत बसू नका. तोंडातला राहिलेला चुरा बोटाने पुसून काढा आणि तडक रुग्णालयात न्या. जाताना डबी बरोबर घ्या, म्हणजे काय गेले हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळेल.